डायरेक्टचं इनडायरेक्ट शिकवताना तक्ता आधी द्यावा की बोलणारा माणूस आधी समजवावा?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. इथं शिक्षक आहेत, भरतीचा अभ्यास करणारी मुलं आहेत, कोर्टकचेरीत लिहिणारेही आहेत, म्हणून हा विषय इथंच काढते : डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच, म्हणजे दुसऱ्याचं अवतरणातलं बोलणं अवतरण काढून आपल्या तोंडून सांगणं.

आमच्या मुलांना तक्ता तोंडपाठ असतो. इजचं वॉज, विलचं वुड, कॅनचं कुड, टुमॉरोचं द नेक्स्ट डे, हिअरचं देअर. न अडखळता म्हणून दाखवतात. आणि पेपरात हे वाक्य आलं की:

माय मदर सेड टु मी, "व्हेअर आर यू गोइंग?"

बरीच मुलं लिहितात:

माय मदर टोल्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग.

यावर लाल शाईनं काट मारणं सोपं आहे. पण हे उत्तर एकदा मराठीत वाचून बघा. "आई मला म्हणाली की तू कुठं चाललायस?" मराठीत यात काहीच चूक नाही. घरात, बाजारात, फोनवर आपण असंच बोलतो. 'की' म्हणायचं आणि पुढं समोरच्याचं बोलणं होतं तसं ठेवून द्यायचं. त्याचा 'मी' तसाच, 'तू' तसाच, काळ तसाच, प्रश्नही तसाच. "दादा म्हणाला की मी पैसे पाठवतो" हे वाक्य आपण महिन्यानं सांगितलं तरी त्यातला 'मी' दादाच असतो आणि 'पाठवतो' हा काळही दादाचाच असतो. सांगणारा तेवढ्यापुरता दादाच्या जागी जाऊन उभा राहतो.

इंग्रजीत सांगणारा आपली जागा सोडत नाही. तो स्वतः जिथं आहे आणि ज्या वेळी सांगतोय, तिथूनच दुसऱ्याचं बोलणं मांडतो. दादाचा 'आय' त्याच्या दृष्टीनं 'ही' असतो. दादाचं 'आता' त्याच्यासाठी होऊन गेलेलं असतं, म्हणून क्रियापद एक पायरी मागं सरकतं. सगळा तक्ता एवढ्या एका गोष्टीतून निघालाय. ती सांगितली नाही तर काय बदलायचं हे मुलांना कळतं, का बदलायचं ते कळत नाही, आणि मग तक्त्यात न बसणारं वाक्य आलं की ती गडबडतात.

म्हणून मी आता वाक्याला हात लावायच्या आधी तीन गोष्टी वहीत लिहायला लावते. कोण कुणाला बोललं आणि आता कोण सांगतंय. कुठं बोललं आणि सांगणारा कुठं आहे. कधी बोललं आणि सांगणं कधी चाललंय.

उदाहरण आमच्याच नदीचं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे इथं शाळकरी पोरांनाही माहीत असतं. समजा सोमवारी पुलावर उभा राहून एक अधिकारी म्हणाला:

द ऑफिसर सेड, "द रिव्हर विल क्रॉस द डेंजर मार्क हिअर टुमॉरो."

पुण्यात बसलेला मुलगा हे गुरुवारी सांगतोय. तो म्हणेल:

द ऑफिसर सेड दॅट द रिव्हर वुड क्रॉस द डेंजर मार्क देअर द नेक्स्ट डे.

हे झालं तक्त्याचं उत्तर. आता हेच बोलणं सोमवारीच संध्याकाळी, त्याच पुलावर, शेजारच्याला सांगायचंय. तिथं 'देअर' म्हटलं तर तो विचारेल, कुठं? आणि उद्या हा अजून उद्याच आहे:

द ऑफिसर सेड दॅट द रिव्हर विल क्रॉस द डेंजर मार्क हिअर टुमॉरो.

हेही बरोबर. मंगळवारी सकाळी पुलावरच सांगितलं, तर 'टुमॉरो'चं चक्क 'टुडे' होईल. कुठल्याही गाईडमधल्या तक्त्यात 'टुमॉरोचं टुडे' नसतं, पण वाक्य शंभर टक्के शुद्ध आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराच्या वेळी "उद्या पाणी वाढणार आहे, सामान हलवा" असे निरोप फोनाफोनी फिरत होते. त्यातला 'उद्या' कुणाचा? पहिल्यांदा लिहिणाऱ्याचा की पुढं पाठवणाऱ्याचा? निरोप दीड दिवस फिरून आलेला असेल तर तो 'उद्या' म्हणजे आज. वर्गात हे सांगितलं की 'द नेक्स्ट डे' कशासाठी लागतो ते वेगळं समजवावं लागत नाही, कारण यातल्या बऱ्याच मुलांच्या घरात पाणी आलेलं आहे.

तुम्ही कसं शिकवता, किंवा कसं शिकलात, सविस्तर लिहा.

पोवई नाका

ताई, मांडणी मनापासून पटली. मी साताऱ्यात भरतीच्या मुलांचा क्लास घेतो. आमची अडचण अशी की वेळ कमी आणि पर्याय चार. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे, प्रत्येकी २ गुण. तिथं मुलाला वाक्य तयार करायचं नसतं, तीन पर्याय बाद करायचे असतात. म्हणून मी बाद करण्याचा क्रम शिकवतो. तुमचंच वाक्य घेतो:

ही सेड टु मी, "व्हेअर आर यू गोइंग?"

अ) ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय वॉज गोइंग.
ब) ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग.
क) ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.
ड) ही आस्क्ड मी व्हेअर ही वॉज गोइंग.

प्रश्नार्थक शब्द आहे आणि त्याच्या आधी 'दॅट' दिसलं, की तो पर्याय गेला. 'अ' गेला. मग बघायचं की क्रियापद कर्त्याच्या आधी आलंय का. इनडायरेक्टमध्ये प्रश्न हा प्रश्न राहत नाही, साधं विधान होतं, शेवटी प्रश्नचिन्हही राहत नाही. 'ब' गेला. उरलेल्या दोघांत सर्वनाम. 'यू' कुणाला म्हटलं? मला. मग 'आय'. 'ड' गेला.

सर्वनामासाठी एस-ओ-एन, १-२-३ सगळ्यांनाच माहीत आहे. अवतरणातला प्रथम पुरुष बाहेरच्या सब्जेक्टप्रमाणे, द्वितीय पुरुष बाहेरच्या ऑब्जेक्टप्रमाणे, तृतीय पुरुष नो चेंज. तुमच्या 'कोण कुणाला बोललं' याचंच ते छोटं रूप आहे, आणि परीक्षेच्या घाईत मुलाच्या हाताशी येतं.

बेदाणा

ताई, सर, मी तासगाव तालुक्यातला, तयारी करतोय. वारणाकाठ ताईंचं वाचून डोक्यात प्रकाश पडला पण भीतीपण वाटाय लागली. परीक्षेत 'टुमॉरो' ठेवायचं की बदलायचं? दोन्ही पर्याय दिले असतील तर?

वारणाकाठ

बदलायचं. परीक्षेच्या वाक्यात कुठं, कधी काहीच दिलेलं नसतं. नुसतं 'ही सेड' असतं. तेव्हा धरून चालायचं की बोलणं आधी कधीतरी झालंय आणि आपण नंतर, दुसऱ्या ठिकाणाहून सांगतोय. तक्ता हेच धरून बनवलाय. 'नाउ'चं 'देन', 'अगो'चं 'बिफोर', 'यस्टर्डे'चं 'द डे बिफोर' किंवा 'द प्रीव्हियस डे' बिनधास्त करा. मात्र आधी अवतरणाबाहेरचं क्रियापद बघायचं. तिथं 'सेज' किंवा 'विल से' असेल तर बोलणं मागं पडलेलंच नाही, मग आतला काळ बदलायचा नाही. फक्त सर्वनाम बघा.

शी सेज, "आय ॲम रेडी."
शी सेज दॅट शी इज रेडी.

घाईत 'सेज' आणि 'सेड' यांत डोळा फसतो. तिथंच पहिलं बोट ठेवायचं.

प्रीतिसंगम

बाई, मी कराडचा, निवृत्त शिक्षक. तुमची तळमळ कळते, पण तक्त्याला एवढं खाली बसवू नका. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून, आणि शाळेच्या बाहेर त्या भाषेचा एक शब्द कानावर पडत नसे. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं, तरी डोंगरी भागातल्या, ऊसतोडीच्या फडावरच्या मुलाच्या घरी आजही इंग्रजी बोलणारं कुणी नाही. ज्याचा कान तयार नाही त्याला 'सांगणारा कुठं उभा आहे' हे कळेपर्यंत सत्र संपतं. तक्ता पाठ असला तर तो निदान पाच वाक्यांतली तीन बरोबर लिहितो, आणि बरोबर आलं की त्याला हुरूप येतो. हुरूप आला की मग कारण विचारतो. मी आधी तक्ता, मग कारण, असंच शिकवत आलो.

एक मात्र सांगतो. तक्ता कुठं थांबतो हे त्याच दिवशी सांगायला हवं. दोन ठिकाणं. एक, कायमचं सत्य:

द टीचर सेड, "द सन राइजेस इन द ईस्ट."
द टीचर सेड दॅट द सन राइजेस इन द ईस्ट.

दुसरं, इतिहासातली ठरलेली घटना. मी नेहमी आपल्या मातीतलं वाक्य द्यायचो:

द टीचर सेड, "कर्मवीर भाऊराव पाटील फाउंडेड द रयत शिक्षण संस्था ॲट काले इन १९१९."

इथं 'हॅड फाउंडेड' करायची गरज नाही. १९१९ हे साल वाक्यात आहेच, घटना कधीची याबद्दल शंका उरत नाही. 'फाउंडेड' तसंच ठेवायचं. गंमत बघा, या वाक्यावर मुलं हटकून विचारायची, "सर, काले म्हणजे आपल्या कराडजवळचं?" आणि मग व्याकरणाच्या तासाला संस्थेची गोष्ट सांगावी लागायची. सांगायचो.

पोवई नाका

सर, नमस्कार. 'कायमचं सत्य' यावर माझ्या वर्गात नेहमी वाद होतो. सूर्य पूर्वेला उगवतो हे ठीक. पण हे वाक्य बघा:

द गाइड सेड, "कास इज अ वर्ल्ड हेरिटेज साइट."

पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या यादीत आली, त्यातलंच एक कास. २०११ मध्ये हे वाक्य खोटं होतं. म्हणजे ते सूर्यासारखं कायमचं सत्य नाही, पण आज खरं आहे. मग 'इज' की 'वॉज'?

प्रीतिसंगम

दोन्ही चालतं, आणि निवड सांगणाऱ्याची. 'इज' ठेवलं की सांगणारा स्वतःही त्या गोष्टीला दुजोरा देतो. 'वॉज' केलं की तो म्हणतो, गाइड असं म्हणाला बुवा, मी फक्त पोचवतोय. 'वॉज' लिहिलं म्हणजे आता कास यादीत नाही, असा अर्थ होत नाही. मुलांचा इथं मोठा गैरसमज होतो. 'शी सेड शी लिव्ड इन मिरज' वाचून म्हणतात, म्हणजे आता राहत नाही. तसं नाही. तो काळ केवळ 'सेड'च्या मागं मागं गेलेला आहे.

भाषाशास्त्रात या सरकण्याला बॅकशिफ्ट म्हणतात. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारानं इंग्रजीच्या या सवयीबद्दल लिहून ठेवलंय.

परीक्षेत मात्र वस्तुस्थिती सांगणारं विधान असेल आणि पर्यायांत 'इज' आणि 'वॉज' दोन्ही असतील, तर भूगोल, विज्ञान, म्हण, रोजची सवय यांना 'इज', बाकी सगळ्याला 'वॉज'. तेवढं धरून चाला.

कंदी पेढा

मी पालक म्हणून लिहितेय. मुलगी नववीत, सेमीला. तिला आज्ञार्थी वाक्यं येत नाहीत. "टोल्ड हिम टु डोन्ट टच" असं लिहिते. गाईडमध्ये लिहिलंय टू लावा, म्हणून तिनं टू लावला आणि पुढं वाक्य तसंच ठेवलं. मी स्वतः कॉमर्सची, मला समजावता येईना. कुणी सोपं करून सांगेल का?

वारणाकाठ

ताई, आज्ञेच्या बाबतीत मराठीच तुमच्या मदतीला येते. आपल्याकडं दोन रचना आहेत. "आई म्हणाली, लवकर ये" ही एक. "आईनं लवकर यायला सांगितलं" ही दुसरी. दुसरीत बघा, आज्ञा गेली, 'ये'चं 'यायला' झालं, आणि 'म्हणाली'च्या जागी 'सांगितलं' आलं. इंग्रजीत हुबेहूब हेच घडतं:

मदर सेड टु मी, "कम होम अर्ली."
मदर टोल्ड मी टु कम होम अर्ली.

'यायला' म्हणजे 'टु कम'. मुलीला आधी मराठीत 'यायला, जायला, बसायला, करायला' अशी वाक्यं पाडायला लावा. "सरांनी गप्प बसायला सांगितलं." "डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं." मग इंग्रजीत न्या. एका संध्याकाळी होईल.

नकाराचं तेवढं वेगळं. 'डोन्ट'मधला 'डू' आज्ञेपुरता आलेला असतो. आज्ञा गेली की तोही गेला. उरतो फक्त 'नॉट', आणि तो 'टू'च्या आधी:

द लाइनमन सेड टु द बॉय, "डोन्ट टच द वायर."
द लाइनमन टोल्ड द बॉय नॉट टु टच द वायर.

'टोल्ड' ऐवजी दुसरं क्रियापद कधी घ्यायचं, यासाठी बोलणारा आणि ऐकणारा कोण ते बघायला शिकवा. शेतकरी तहसीलदाराला म्हणतोय, तर 'रिक्वेस्टेड'. डॉक्टर पेशंटला, तर 'ॲडव्हाइज्ड'. फौजदार गर्दीला, तर 'ऑर्डर्ड'. आणि 'रिक्वेस्टेड' घेतलं की 'प्लीज' गाळायचं, कारण विनंती त्या शब्दातच आली. 'लेट अस' असेल तर 'सजेस्टेड' किंवा 'प्रपोज्ड', पुढं 'दॅट दे शुड'. "लेट अस गो टु कास" म्हणजे 'ही सजेस्टेड दॅट दे शुड गो टु कास'.

शिरस्तेदार

माझी सगळी नोकरी कोर्टात झाली. वारणाकाठ यांनी जे मांडलंय त्याचा आमच्याकडं रोजचा व्यवहार आहे, म्हणून लिहितो.

साक्षीदाराची साक्ष बहुतेक वेळा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहीत नाहीत. निवेदनाच्या रूपात, सलग लिहितात. उलटतपासात वकील विचारतो, "तुम्ही त्या दिवशी बांधावर गेलाच नव्हता, बरोबर?" साक्षीदार म्हणतो, "नाही साहेब, खोटं आहे ते." कागदावर येतं:

"मी त्या दिवशी बांधावर गेलो नव्हतो, हे म्हणणे खरे नाही."

इंग्रजीत टाइप करायचं तर 'इट इज नॉट ट्रू टु से दॅट आय डिड नॉट गो टु द फील्ड ऑन दॅट डे.' वकिलाचा प्रश्न आणि साक्षीदाराचं उत्तर एका वाक्यात बसलं. वकिलाचा 'तुम्ही' गेला, त्याचा 'मी' झाला, कारण आता सगळं साक्षीदाराच्या तोंडून वदवलं जातंय. कोण बोलतंय हे एकदा ठरलं की सर्वनाम आपोआप ठरतं. नवीन आलेला टंकलेखक इथंच घोटाळतो. त्याच्या हातून 'तुम्ही' तसाच राहिला तर पुढं वाचणाऱ्याला कळत नाही की बांधावर कोण गेलं नव्हतं.

आणि एखाद्या उत्तरातला शब्द न् शब्द महत्त्वाचा असेल, तेव्हा न्यायाधीश प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवायला सांगतात. म्हणजे डायरेक्ट कधी ठेवायचं हाही निर्णय असतो. मुलांना हेही सांगावं. शाळेत डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला शिकवतात, पण कधी करू नये हे सांगत नाहीत.

हळदबाजार

मी सांगलीतून बातम्या लिहितो. शिरस्तेदार साहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. एखाद्या नेत्याचं वाक्य वादाचं ठरणार असं वाटलं, की आम्ही ते अवतरणातच ठेवतो. बाकीचं भाषण सगळं इनडायरेक्ट.

आणि बातमीच्या मराठीत एक सोय आहे, ती शिक्षकांनी वर्गात वापरून बघावी. नेता म्हणतो, "मी निवडणूक लढवणार नाही." बातमी अशी येते:

"आपण निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी सांगितले."

'मी' ठेवला तर वाचकाला वाटेल बातमीदारच लढवत नाहीये. 'ते' लिहिलं तर दुसराच कुणी वाटेल. 'आपण' म्हटलं की जो बोलला तोच. इंग्रजीतला 'ही' नेमकं हेच काम करतो: 'ही सेड दॅट ही वुड नॉट कंटेस्ट द इलेक्शन.' मुलांना आधी वाक्य बातमीच्या मराठीत लिहायला लावलं तर 'मी'ला हात लावायचा असतो हे त्यांच्या ध्यानात येईल.

वारणाकाठ

हळदबाजार, हे फारच कामाचं आहे. घरचं मराठी, बातमीचं मराठी, मग इंग्रजी, अशी वाट करते. प्रीतिसंगम सरांनाही सांगते, तक्ता मी फळ्यावरून पुसलेला नाही. पुराच्या वाक्यानंतर देते आणि त्यातली प्रत्येक ओळ त्या वाक्यावर लावून दाखवायला सांगते.

बेदाणा

अजून एक अडलंय. सिम्पल पास्टचं पास्ट परफेक्ट करायचंच असतं का? यूट्यूबवर एक जण म्हणतो करायचं, दुसरा म्हणतो इंग्रज माणूस करतच नाही.

पोवई नाका

परीक्षेत करायचं. शी सेड, "आय सोल्ड द ग्रेप्स यस्टर्डे." उत्तर: शी सेड दॅट शी हॅड सोल्ड द ग्रेप्स द डे बिफोर.

प्रीतिसंगम

का करायचं तेही सांगतो, म्हणजे लक्षात राहील. दोन माणसं आहेत.

ही सेड, "आय ॲम इन मिरज."
ही सेड, "आय वॉज इन मिरज."

पहिल्याचं इनडायरेक्ट 'ही सेड दॅट ही वॉज इन मिरज.' आता दुसऱ्याचंही तेच ठेवलं, तर बोलताना तो मिरजेत होता की आधी कधीतरी होऊन आला होता, हे कसं कळणार? म्हणून दुसऱ्याला आणखी एक पायरी मागं न्यायचं: 'ही सेड दॅट ही हॅड बीन इन मिरज.' जिथं संदर्भानं आधीच कळतंय, तिथं बोलताना इंग्रज माणूस साधा भूतकाळ ठेवतो, हेही खरं. तुमचे दोन्ही यूट्यूबवाले आपापल्या जागी बरोबर आहेत.

आणि ज्यांना मागं जायला जागाच नाही ते तिथंच राहतात. पास्ट परफेक्ट तसाच. वुड, कुड, शुड, माइट, ऑट टू, यूज्ड टू तसेच. 'मस्ट' तसाही ठेवतात आणि सक्ती असेल तर 'हॅड टू'ही करतात.

बेदाणा

लई भारी सर. हे मिरजेचं आता विसरत नाही.

वारणाकाठ

मग बेदाणा, हा उतारा सोडवून टाक. सांगलीच्या एसटी स्टँडवरचं बोलणं आहे. उत्तर उद्या, दुसऱ्या गावाहून सांगतोयस असं धर.

अ वुमन सेड टु द कंडक्टर, "डज धिस बस गो टु विटा?"
"येस," सेड द कंडक्टर. "सिट डाउन क्विकली. वी आर लीव्हिंग नाउ."
"विल वी रीच बिफोर सिक्स?" शी सेड.
"आय कान्ट प्रॉमिस दॅट," ही सेड.

बेदाणा

हे घ्या ताई.

अ वुमन आस्क्ड द कंडक्टर इफ दॅट बस वेंट टु विटा. द कंडक्टर सेड येस अँड टोल्ड हर टु सिट डाउन क्विकली. ही सेड दॅट दे वेअर लीव्हिंग नाउ. शी आस्क्ड दॅट वुड दे रीच बिफोर सिक्स. ही सेड दॅट ही कुड नॉट प्रॉमिस दॅट.

पोवई नाका

पहिलं वाक्य एकदम बरोबर. 'इफ' घेतलास, 'डज' काढून 'वेंट' केलंस, 'धिस'चं 'दॅट' केलंस. शेवटचंही बरोबर, तिथला दुसरा 'दॅट' मूळचाच आहे.

'सेड येस' बोलताना चालेल, पेपरात नको. 'रिप्लाइड इन द अफर्मेटिव्ह' किंवा सरळ 'सेड दॅट इट डिड'. 'लीव्हिंग नाउ'मधलं 'नाउ' राहिलं, 'देन' कर.

वारणाकाठ

आणि 'शी आस्क्ड दॅट वुड दे' मध्ये मराठीतलं 'विचारलं की' आलंय. हो-नाहीचा प्रश्न आहे. मराठीत 'पोचणार का' म्हणतो त्यातला 'का' किंवा 'पोचणार की नाही' यातला 'की नाही' शोध, तिथं 'इफ' किंवा 'व्हेदर' येतं. मग कर्ता आधी: शी आस्क्ड व्हेदर दे वुड रीच बिफोर सिक्स.

आता हेच सगळं, ती बाई त्याच बसमध्ये बसून, गाडी सुटायच्या आत घरी फोनवर सांगतेय असं धरून पुन्हा लिही. 'धिस बस' ठेवायचंय का, 'गोज' ठेवायचंय का, 'दे'चं काय करायचं, तू ठरव.

बेदाणा

आय आस्क्ड द कंडक्टर इफ धिस बस गोज टु विटा. ही सेड इट डज अँड टोल्ड मी टु सिट डाउन क्विकली. ही सेज वी आर लीव्हिंग नाउ. आय आस्क्ड इफ वी विल रीच बिफोर सिक्स. ही सेड ही कान्ट प्रॉमिस दॅट.

वारणाकाठ

बरोबर. 'इफ वी विल'च्या जागी 'वी वुड' केलंस तरी चालेल, बाकी काही हलवू नको.